तालुका न्यायालयातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण: सहा आठवडे आधीपासून महिन्यानंतरच्या तपासणीपर्यंत

दिवसभराचं प्रशिक्षण होतं, हजेरीपटावर सह्या होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. आणि सोमवारी नाझर विभागात (समन्स-नोटिसांची बजावणी पाहणाऱ्या) तेच जुनं समन्स ‘घराला कुलूप, सबब परत’ एवढ्याच शेऱ्यासह येऊन पडतं. दोष बहुतेक वेळा शिकवणाऱ्याचा नसतो. विषय आधी ठरलेला असतो आणि टेबलांवर नेमकं काय चुकतंय हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं, तिथं घोडं पेंड खातं.

हे मार्गदर्शन सहायक अधीक्षक, प्रबंधक आणि प्रशिक्षणाची जबाबदारी अंगावर आलेले न्यायाधीश यांच्यासाठी आहे. आकडे देताना तीन न्यायालयं आणि चाळीसेक कर्मचारी असलेली तालुक्याची इमारत डोळ्यासमोर धरली आहे. उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीतले वर्ग अकादमी आखते, त्यात आपल्याला ढवळाढवळ करायची नाही. आपल्याच इमारतीत घ्यायचा एक दिवसाचा सेवांतर्गत वर्ग हा इथला विषय. न्यायाधीश बाहेर प्रशिक्षणाला जातात तेव्हा मागे काय लावून जायचं, तेही शेवटाकडे आहे.

## १. चुकांची यादी (सहा आठवडे आधी)

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रशिक्षणाचा दिवस थोडा ढिसाळ झाला तरी चालतो, ही यादी ढिसाळ झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

गेल्या तीन महिन्यांतली कागदपत्रं काढा. पाच ठिकाणांहून प्रत्येकी वीस नमुने पुरतात:

- बजावणी न होता परत आलेली समन्स आणि त्यावरचे बेलिफांचे, म्हणजे समन्स घरपोच बजावणाऱ्या कर्मचाऱ्यांचे अहवाल
- रोजनामा (प्रकरणात त्या तारखेला काय झालं याची नोंद) आणि त्याच तारखेची सीआयएस या प्रकरणांच्या संगणक प्रणालीतली नोंद, शेजारी शेजारी ठेवून
- दिलेल्या नकलांवरचे तारखांचे शिक्के
- नव्या दाव्यांवर काढलेल्या कार्यालयीन हरकती
- मुद्देमाल नोंदवही आणि प्रत्यक्ष कपाटातला मुद्देमाल

नमुने निवडताना वरून सलग वीस उचलू नका. एकाच कर्मचाऱ्याचे, एकाच आठवड्याचे कागद हाती लागतात आणि यादी एकांगी होते. दर पाचवा किंवा दर दहावा कागद घ्या.

प्रत्येक चूक एका ओळीत लिहा. ‘रोजनाम्यात हलगर्जी’ असं नको. ‘निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) आदेश झाला, रोजनाम्यात लिहिला, सीआयएसमध्ये दावा जुन्याच टप्प्यावर राहिला, वीसपैकी सात’ असं हवं. आकडा लिहायचाच, कारण महिन्यानंतर याच आकड्याशी तुलना करायची आहे.

आता यादीसमोर तीन रकाने पाडा: माहीत नाही, माहीत आहे पण करत नाही, करायचंय पण साधन नाही. बेलिफाला फौजदारी समन्स घरातल्या प्रौढ स्त्रीकडे देता येतं हे ठाऊक नसेल तर तो पहिला रकाना. सीआयएसमधली नोंद त्याच दिवशी करायची हे माहीत असूनही ती शनिवारपर्यंत तुंबत असेल तर दुसरा. दोन न्यायालयांत मिळून एकच स्कॅनर असेल तर तिसरा.

प्रशिक्षणाने फक्त पहिला रकाना सुटतो. दुसऱ्याला देखरेख लागते, तिसऱ्याला जिल्हा न्यायालयाकडे मागणीपत्र. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट व्याख्यान देऊन शिकवायला गेलात की लोक मागच्या बाकावर हसतात, आणि त्यांचं चुकतंही नाही.

इशारा: यादीत कर्मचाऱ्याचं नाव नको, टेबलाचं नाव चालेल. ही तपासणी ठपका ठेवण्यासाठी आहे असा नुसता वास जरी आला तरी पुढच्या वेळी कागद ‘सापडत नाहीत’.

## २. आदेश, तारीख, तुकड्या (चार आठवडे आधी)

संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं. रोजचं प्रशासन प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत चालतं. त्यामुळे तालुक्याने आपल्या मनाने तारीख ठरवून फलक छापायला टाकू नये. प्रस्ताव, तारीख, विषय आणि उपस्थितांची यादी वर पाठवा, लेखी आदेश हाती आला की पुढे सरका. आदेशात ज्याचं नाव आहे त्याला हजर राहणं बंधनकारक होतं. नाव नसलेला माणूस दारात उभा राहून ऐकतो आणि त्याच्या नोंदी मागाहून घोळ घालतात.

चाळीस माणसं एकदम बसवू नका. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा, मध्ये किमान एक आठवडा ठेवा. एका तुकडीत सगळे बेलीफ आणि दुसरीत सगळे लिपिक ही वाटणी सोयीची वाटते, पण ती टाळा. एक तर सगळे बेलीफ एकाच दिवशी आत बसले तर त्या दिवशीची बजावणी ठप्प होते. दुसरं म्हणजे समन्सवर अपुरा पत्ता टाकणारा लिपिक आणि तो पत्ता शोधत उन्हात फिरणारा बेलीफ एका टेबलाशी बसले की अर्धा प्रश्न तिथंच उलगडतो.

तारीख ठरवताना बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, उघडून बघा. साक्षीपुराव्यासाठी ठेवलेली प्रकरणं त्या दिवशी असतील तर दुसरा दिवस घ्या. लोकअदालतीच्या आधीचा आठवडा आणि महिनाअखेरच्या विवरणपत्रांचे दिवसही सोडा.

तपासणी: प्रशिक्षणाच्या दिवशी पुढची कामं कोण करणार, त्यांची नावं आदेशाला जोडलेल्या तक्त्यात आहेत का?

- अटक आरोपी हजर करणं. चोवीस तासांची मर्यादा प्रशिक्षणासाठी थांबत नाही, म्हणून रिमांडचं काम पाहणारा लिपिक आणि लघुलेखक दुसऱ्या तुकडीत
- तातडीचे अर्ज आणि जामीन
- कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं. २००५ च्या कायद्यानुसार पहिली तारीख अर्ज आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यायची असते
- कोर्ट फी आणि रोख रकमेचं काम

## ३. विषय आणि साहित्य (तीन आठवडे आधी)

एका दिवसात तीन विषय. चौथा घेतला की चारही अर्धवट राहतात. पहिल्या टप्प्यातल्या ‘माहीत नाही’ रकान्यातून ज्यांचा आकडा मोठा आहे किंवा ज्यांचा पक्षकाराला थेट फटका बसतो असे तीन उचला. दोन्ही कसोट्यांची टक्कर झाली तर पक्षकाराचा फटका वरचढ धरा.

सध्या बहुतेक ठिकाणी यादीत नवे फौजदारी कायदे असणारच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. इथं हमखास होणारी चूक म्हणजे जुन्या आणि नव्या कलमांचा लांबलचक तक्ता वाटणं. तो घडी होऊन खिशात जातो. त्या टेबलावर रोज लागणारी दहा-बारा कलमंच द्या. उदाहरणार्थ फौजदारी बेंच क्लर्कसाठी (जुनं म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम, नवं म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं):

- पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी: जुनं १६७, नवं १८७
- आरोपीचा जबाब: जुनं ३१३, नवं ३५१
- दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब: जुनं १६४, नवं १८३
- पोटगी: जुनं १२५, नवं १४४
- खाजगी फिर्याद: जुनं २००, नवं २२३
- अटकपूर्व जामीन: जुनं ४३८, नवं ४८२
- सत्र न्यायालयाकडचा जामीन: जुनं ४३९, नवं ४८३

तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात दोन प्रश्न छापा. गुन्हा कधी घडला? आणि १ जुलै २०२४ च्या आधी या प्रकरणात तपास, चौकशी, खटला किंवा अपील प्रलंबित होतं का? गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर शिक्षेची कलमं जुन्या दंड संहितेची. कार्यवाही आधीपासून प्रलंबित असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ नुसार ती जुन्या कार्यपद्धतीनेच चालते. लिपिक गडबडतो तो या दोहोंच्या मधल्या प्रकरणात: गुन्हा मे २०२४ चा, फिर्याद ऑगस्टमधली. तिथं त्याने स्वतः निवाडा करायचा नाही, टिपण लिहून न्यायाधीशांपुढे ठेवायचं. हे वाक्य वर्गात तोंडाने सांगून भागत नाही, तक्त्यावर छापलेलं हवं.

नुसते आकडे बदललेली कलमं आणि खरोखर बदललेली कार्यपद्धती वेगळी काढा. दुसऱ्या गटावर वेळ खर्च करा. त्यातल्या कार्यालयाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी (वेगळं सांगितलं नसेल तिथं कलमं नागरिक सुरक्षा संहितेची):

- फौजदारी समन्स आता कुटुंबातल्या कोणत्याही प्रौढ सदस्याकडे देता येतं (कलम ६६). जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मध्ये प्रौढ पुरुष असं होतं. अनेक बेलीफ आणि पोलीस शिपाई अजून ‘घरी फक्त बाई होती’ असा शेरा मारून समन्स परत आणतात.
- पत्ता, ईमेल, फोन नंबर यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद नव्या कलम ६४ मध्ये आहे. ही वही कोणाच्या टेबलावर राहील हे वर्गातच ठरवून टाका.
- आरोपीला पोलीस अहवाल आणि सोबतच्या कागदांच्या प्रती देण्याची बाहेरची मर्यादा त्याच्या हजेरीपासून चौदा दिवस (कलम २३०).
- युक्तिवाद संपल्यापासून सत्र खटल्याचा निकाल तीस दिवसांत, कारणं नोंदवून पंचेचाळीसपर्यंत (कलम २५८). ‘युक्तिवाद पूर्ण’ ही नोंद सीआयएसमध्ये उशिरा पडली की पुढची सगळी मोजणी चुकते.
- इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, भाग अ आणि भाग ब अशा दोन भागांत, हॅश मूल्यासह (फाईलमध्ये फेरफार झाला का हे पडताळायचा संगणकीय संकेतांक). एकच भाग जोडलेला कागद आला तर तसं टिपणात लिहायचं. पुरावा ग्राह्य की अग्राह्य हे बोलायचं काम कार्यालयाचं नाही.

### सरावाचे कागद

प्रत्येक विषयाला तीन बनावट प्रकरणं तयार करा. खऱ्या फाईलवरून बेतायला हरकत नाही, पण नावं, पत्ते, प्रकरण क्रमांक बदला. बाल लैंगिक अत्याचाराची आणि पीडितेची ओळख उघड होईल अशी प्रकरणं सरावासाठी घेऊच नका, नाव खोडूनसुद्धा नको. तालुक्यात गाव आणि महिना एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो.

शिकवणारा शक्यतो त्या टेबलावर काम केलेला असावा. बजावणीचा तास शेजारच्या तालुक्यातल्या जुन्याजाणत्या नाझराने घेतला तर प्रश्न मोकळेपणाने येतात. कायद्याचा भाग न्यायाधीशांनी किंवा सरकारी वकिलांनी घ्यावा. दोघांना एकाच तासात समोरासमोर ठेवता आलं तर उत्तमच.

## ४. खोली आणि संगणक (आदल्या दिवशी)

एका संगणकावर दोन माणसं, यापेक्षा जास्त नको. तिसरा फक्त बघतो.

इशारा: सीआयएसचा सराव चालू प्रणालीत कधीही करू नका. तिथली नोंद सार्वजनिक संकेतस्थळावर दिसते, राष्ट्रीय न्यायिक माहिती जालात मोजली जाते, पक्षकाराला आणि वकिलाला संदेशही जाऊ शकतो. ‘नंतर दुरुस्त करू’ म्हणून टाकलेली खोटी तारीख घेऊन एखादा माणूस सकाळच्या एसटीने न्यायालयात येऊन बसतो. सरावासाठी वेगळी प्रत लावून देण्याची मागणी जिल्ह्याच्या सिस्टीम ऑफिसरकडे दोन आठवडे आधीच करा. ती मिळाली नाही तर स्क्रीनची छापील चित्रं वाटा आणि रकाने पेनाने भरून घ्या. हे जुनाट वाटेल, पण चुका पकडायला कागद जास्त सोयीचा पडतो.

बेलिफांसाठी एनस्टेपचा (बजावणीची नोंद मोबाइलवर करण्याच्या प्रणालीचा) भाग ठेवला असेल तर मोबाइल चार्ज आहेत का, लॉगइन चालतात का, हे आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्यक्ष करून बघा. सकाळी दहा वाजता पासवर्ड आठवत बसलात तर पहिला तास गेलाच म्हणून समजा.

## ५. प्रशिक्षणाचा दिवस

### सकाळी: दहा प्रश्नांची चाचणी

१०.१५ ला सुरू करा. उद्घाटन, स्वागत, मनोगत यांना मिळून दहा मिनिटं. त्यानंतर पंधरा मिनिटांत दहा प्रश्न. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी चिठ्ठीतून उचललेला क्रमांक, संध्याकाळच्या चाचणीलाही तोच. प्रश्न व्याख्या विचारणारे नकोत, प्रसंग देणारे हवेत:

‘दिवाणी दाव्याचं समन्स प्रतिवादीच्या घरगड्याने सही करून घेतलं. बजावणी झाली का?’

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १५ च्या स्पष्टीकरणानुसार नोकर हा कुटुंबाचा सदस्य धरला जात नाही. वीसपैकी बाराजणांनी ‘झाली’ लिहिलं तर सकाळच्या तासात काय ठासून सांगायचं हे शिकवणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणून उत्तरपत्रिका चहाच्या आधी तपासा.

### पहिला तास: बेलीफ अहवाल

वीस मिनिटं बोलणं, पन्नास मिनिटं लिहिणं. प्रत्येकाच्या हाती हा कागद द्या:

‘आज रोजी समक्ष गेलो असता घराला कुलूप. शेजारी चौकशी करता बाहेरगावी गेल्याचे समजले. सबब समन्स परत सादर.’

यात काय नाही ते आधी लिहायला सांगा. वेळ नाही, त्यामुळे माणूस कामावर जायच्या वेळी गेला होता का हे कळत नाही. किती वेळा गेला ते नाही. शेजाऱ्याचं नाव नाही. बाहेरगावी म्हणजे दोन दिवस की सहा महिने, हे नाही. घर त्याचंच आहे हे कोणी दाखवलं ते नाही. आणि मुख्य म्हणजे प्रत दारावर चिकटवली की नाही याचा पत्ताच नाही.

आता आदेश ५ नियम १७ समोर ठेवा. पुरेसा प्रयत्न करूनही प्रतिवादी भेटत नाही, लवकर भेटण्याची शक्यता नाही आणि त्याच्या वतीने समन्स घेणारं कुणी नाही, तर प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी चिकटवायची. मूळ समन्सवर अहवालात चिकटवल्याची गोष्ट, परिस्थिती, आणि घर दाखवणाऱ्या व ज्याच्या समोर चिकटवलं त्या माणसाचं नाव-पत्ता लिहायचा. मग तोच अहवाल पुन्हा लिहायला लावा. साधारण असा उतरायला हवा:

‘दि. १२ रोजी सकाळी ७.४० व दि. १५ रोजी सायंकाळी ६.३० वाजता समन्सवरील पत्त्यावर समक्ष गेलो. दोन्ही वेळा घराला कुलूप होते. शेजारी राहणारे (नाव, वय, पत्ता) यांनी सदर घर प्रतिवादीचेच असल्याचे दाखवले व तो ऊसतोडीस गेला असून पाडव्यापर्यंत येणार नसल्याचे सांगितले. घरात अन्य प्रौढ व्यक्ती नाही. दि. १५ रोजी ६.४५ वाजता वरील इसमासमोर समन्स व दाव्याची प्रत दर्शनी दारावर चिकटवली. सोबत शपथपत्र.’

शपथपत्राची ओळ विसरू देऊ नका. ते नसेल तर नियम १९ प्रमाणे न्यायालयाला बेलिफाला शपथेवर तपासावंच लागतं, आणि तेवढ्यासाठी एक तारीख जाते.

इथं लिपिकांनाही कामाला लावा. पत्त्यात गाव आणि पोस्ट एवढंच असलेलं समन्स त्यांच्या हाती द्या आणि या घरी तुम्ही स्वतः कसे पोचाल ते विचारा. वस्ती, गट क्रमांक, मोबाइल नंबर हे दावा दाखल होतानाच का मागून घ्यायचं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

### दुसरा तास: नकलेवरच्या तारखा

हा विषय क्षुल्लक समजून गाळला जातो. फळ्यावर हे उदाहरण मांडा: निकाल ३ जून, नकलेचा अर्ज १० जून, नक्कल तयार २४ जून, पक्षकाराने नेली २ जुलै. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस.

निकालाचा दिवस सोडून मोजलं तर मुदत ३ जुलैला संपते. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळायचा. १० ते २४ जून, दोन्ही दिवस धरून पंधरा दिवस. म्हणजे १८ जुलै.

आता नक्कल विभागाने ‘तयार झाल्याची तारीख’ या रकान्यात नेल्याची तारीख, २ जुलै, टाकली असं समजा. वगळायचे दिवस तेवीस होतात आणि शेवटचा दिवस २६ जुलै निघतो. त्या शिक्क्यावर विसंबून २४ जुलैला अपील दाखल करणारा पक्षकार मुदतीबाहेर गेलेला असतो, हे समोरचा वकील नोंदवही काढून दाखवतो. रकाना कोराच राहिला तर वाद आणखी वाढतो. तिन्ही तारखा तीन वेगळ्या शिक्क्यांनी, त्या त्या दिवशीच टाकायच्या, तीन हातांनी मागाहून भरायच्या नाहीत.

वर्गात प्रत्येकाला वेगळ्या तारखा देऊन शेवटचा दिवस काढायला लावा. पाच-सहाजण निकालाचाच दिवस मोजतात, ते तिथंच सापडतं.

### जेवणानंतर: संगणक

झोपेची वेळ, म्हणून इथं भाषण ठेवूच नका. सीएनआर क्रमांकाचे, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाचे, सोळा अक्षर-अंक वाचायला शिकवून सुरुवात करा: पहिली सहा चिन्हं आस्थापनेची, पुढची सहा अनुक्रमांकाची, शेवटची चार वर्षाची. मग रोजनाम्याचे पाच कागद देऊन प्रत्येकावरून टप्पा, पुढची तारीख आणि तारीख देण्याचं कारण भरायला सांगा. पाचपैकी एका कागदावर मुद्दाम सुट्टीची तारीख टाका, एकावर प्रकरण निकाली निघालं असतानाही ‘पुढील तारीख’ लिहून ठेवा. न विचारता भरणारे किती आणि हात वर करणारे किती, हे शिकवणाऱ्याने गुपचूप मोजावं.

### शेवटी: कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ

२०१३ च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांसाठी ठराविक काळाने जागृती कार्यक्रम घेणं ही नियोक्त्याची जबाबदारी आहे, त्यामुळे हा विषय वरच्या तीनमध्ये धरू नका. तीस मिनिटं पुरतात. अंतर्गत समितीत कोण आहे, तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, गोपनीयता पाळायची. समितीच्या सदस्यांना समोर उभं करून ओळख करून द्या. भिंतीवरच्या फलकावर बदलून गेलेल्या अध्यक्षांचं नाव तसंच असतं, ते त्याच दिवशी बदला.

४.१५ ला सकाळच्याच दहा प्रश्नांची दुसरी चाचणी घ्या. प्रश्नांचा क्रम बदला, मजकूर नको.

## ६. न्यायाधीशांनी काय करायचं आणि काय नाही

उद्घाटन करून निघून जाऊ नये, तसंच दिवसभर पहिल्या रांगेत बसूही नये. साहेब समोर असले की ‘आम्हाला हे येत नाही’ असं कुणी म्हणत नाही. आपला तास घ्यावा आणि शेवटच्या अर्ध्या तासात परत यावं. त्यात फक्त प्रश्न ऐकावेत आणि कार्यालयीन पद्धतीबद्दल जे ठरवायचं ते तिथंच ठरवून लेखी द्यावं.

न्यायाधीश स्वतः उत्तनला किंवा भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीत जाणार असतात तेव्हा मागे हा क्रम लावा. नेमणुकीचा आदेश येताच बेंच क्लर्कने त्या तारखांचा बोर्ड काढावा. साक्षीसाठी नेमलेली प्रकरणं आधी हलवावीत आणि साक्षीदारांना नवी तारीख कळवावी, कारण न कळवलेला साक्षीदार मजुरी बुडवून येतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. प्रभारी न्यायाधीश कोण, हे पोलीस ठाण्यांना आणि वकील संघाला लेखी द्यावं. ठिकठिकाणी चुकतं ते इथंच: आदेश कार्यालयात असतो, ठाण्याला माहीत नसतो, आणि पोलीस आरोपीला घेऊन बंद दालनासमोर उभे राहतात. राखून ठेवलेले निकाल आधी द्यावेत किंवा त्यांची मुदत तपासावी.

परत आल्यावर न्यायाधीशांनी कार्यालयाशी संबंधित बाबींचं एक पानी टिपण द्यावं. पाच दिवसांची जाडजूड फाईल कुणी उघडत नाही.

## ७. नोंदी

हजेरी दोनदा घ्या, सकाळी आणि जेवणानंतर. एकदाच घेतली तर दुपारी खुर्च्या ओस पडतात.

एका फाईलमध्ये हे कागद लावा: आदेश, हजेरीपट, विषयपत्रिका, सरावाचे कोरे कागद, दोन्ही चाचण्यांचे एकत्रित गुण, पहिल्या टप्प्यातली चुकांची यादी. आस्थापना विभागाला उपस्थितांची यादी आठ दिवसांत पाठवा. गैरहजर राहिलेल्यांची नावं दुसऱ्या तुकडीच्या आदेशात घाला. आजारी रजेवर असलेला आणि विनापरवाना न आलेला यांची नोंद एकाच शेऱ्याने करू नका. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर दोन्ही हजेऱ्या पूर्ण असलेल्यांना द्या.

चाचणीचे वैयक्तिक गुण कुठेही लावू नका, गोपनीय अहवालात तर मुळीच नाही. एकदा तसं झालं की पुढच्या वर्षी सगळे एकमेकांचे पेपर बघून लिहितात.

## ८. तीस दिवसांनंतर

पुन्हा त्याच पाच ठिकाणांहून, त्याच पद्धतीने वीस-वीस नमुने काढा, पण फक्त प्रशिक्षणानंतरच्या तारखांचे. जुन्या यादीच्या शेजारी नवे आकडे लिहा.

चाचणीत गुण वाढले आणि फाईलमधली चूक तशीच असेल तर ती चूक मुळात ‘माहीत नाही’ची नव्हती, पहिल्या टप्प्यात रकाना चुकला. तिला सहायक अधीक्षकांच्या साप्ताहिक तपासणीत घाला, पुढच्या प्रशिक्षणात नको. गुणही वाढले नाहीत तर सरावाचा कागद बदला. एकाच टेबलावर चूक उरली आणि बाकीकडे कमी झाली, तर त्या टेबलावर मधल्या काळात बदली होऊन नवा माणूस आला आहे का ते आधी बघा. बहुधा तसंच निघतं. त्याला पुढच्या तुकडीपर्यंत ताटकळत न ठेवता त्याच टेबलावर दोन दिवस जुन्या माणसाशेजारी बसवा आणि सरावाचे तेच तीन कागद त्याच्याकडून भरून घ्या.

दोन्ही आकड्यांचा तक्ता एका पानावर करून जिल्हा न्यायालयाला पाठवा. त्याच पानाखाली तिसऱ्या रकान्यातली मागणी जोडा. स्कॅनरची मागणी एरवी वर्षभर पडून राहते, ‘वीसपैकी अकरा निकाल स्कॅन न झाल्याने प्रणालीवर नाहीत’ या ओळीसोबत गेली की तिच्यावर निदान शेरा तरी येतो.